कुडुंबिनी, भिक्षुणी, राजमाता : प्राचीन महाराष्ट्रातील स्त्रियांचे धर्मजीवन

प्रस्तावना

प्राचीन काळी स्त्रियांचे धर्मजीवन कसे होते, असे विचारले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक गार्गी आणि मैत्रेयीचे. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला निर्भयपणे प्रश्न विचारणारी गार्गी आठवायची आणि तो काळ स्त्रियांना मोठा मान देणारा होता असे म्हणून समाधान मानायचे. दुसरे उत्तर मनुस्मृतीचे. स्त्रीला वेगळा यज्ञ नाही, वेगळे व्रत नाही, वेगळा उपवास नाही, पतीची सेवा हाच तिचा स्वर्गाचा मार्ग, हा तिथला दंडक दाखवायचा आणि स्त्रीला धर्मात काही स्थान नव्हते असे सांगून विषय मिटवायचा.

दोन्ही उत्तरे ग्रंथांतून आली आहेत, आणि दोन्हींतून साधी बाई निसटते. सभेत प्रश्न विचारणाऱ्या दोघी-चौघी एका टोकाला आणि सरसकट मज्जाव दुसऱ्या टोकाला. यांच्या मध्ये ज्या असंख्य स्त्रिया जगल्या, त्या कोणाला हात जोडत होत्या? उपास कशासाठी धरत होत्या? गाठीला बांधलेले पैसे कोणत्या कामाला देत होत्या? मूल दगावले तर त्याला कुठे ठेवत होत्या? घर सोडून संन्यास घेतला तर मागे राहिलेल्या लेकरांशी त्यांचे नाते काय उरत होते? या प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात तिथे जाऊन ती गोळा करावीत, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

हे लिहिण्याची जागा कुपवाड आहे. सांगली आणि मिरजेबरोबर एका महानगरपालिकेत नांदणारे हे गाव आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. पण हा कृष्णाकाठचा मुलूख आहे, आणि नदीच्या वरच्या अंगाला, कोयना जिथे कृष्णेला मिळते तिथे, कराड आहे. कराडजवळ जखिणवाडीच्या बाजूला आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. त्या काळी या गावाचे नाव करहाकट किंवा करहाकड होते. मध्य प्रदेशातल्या भारहुत स्तूपाच्या कठड्यावर करहाकट निगमाने, म्हणजे इथल्या नगराने मिळून, दिलेल्या दानाची नोंद आहे. कोकणात कुडा येथील लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या पट्ट्यातली माणसे घाट उतरून समुद्रापर्यंत आणि उत्तरेत पार भारहुतपर्यंत आपला धर्म आणि आपला पैसा घेऊन जात होती. त्या माणसांच्या घरांत बायका होत्या, आणि त्याही देत होत्या. ज्या कुडा लेण्यांत आपला लोहवणिक सापडतो, तिथेच स्त्रियांची नावेही दगडात उभी आहेत.

म्हणून महाराष्ट्र ही या शोधासाठी फार मोलाची भूमी आहे. ग्रंथ पुरुषांनी रचले, पुरुषांनी नकलले, पुरुषांनी शिकवले. सह्याद्रीच्या कातळातले दानलेख मात्र ज्याने त्याने आपल्या पैशाने कोरवून घेतले, आणि जिने तिने आपल्या नावाने. त्यांत राजमाता आहे, वैद्याची मुलगी आहे, ब्राह्मणाची पत्नी आहे, नांगऱ्याची बायको आहे, आणि घरदार सोडलेल्या भिक्षुणी आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे : प्राचीन स्त्रीचा धर्म तिला काय करू दिले जात होते यावरून मोजता येत नाही. तिने काय केले, यावरून तो कळतो. आणि तिने जे केले ते पाहिले, की घर आणि संन्यास, वैदिक आणि बौद्ध, असे जे कप्पे आपण इतिहास शिकताना पाडतो, त्या कप्प्यांमध्ये या स्त्रिया मावत नाहीत.

सुरुवात लेखांच्याही आधीपासून करावी लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या या कामामुळे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे महाराष्ट्रातले शेतकरी गाव घराघरानिशी डोळ्यांपुढे आले. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल डबी पुरून ठेवलेली सापडली. डबीत कच्च्या मातीची, शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती होती. डबीच्या झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि सोबत मातीचा बैल होता. मूर्ती भाजलेली नव्हती. आपण आजही एका सणापुरती कच्च्या मातीची मूर्ती घडवतो आणि काम झाले की ती मातीला किंवा पाण्याला परत देतो. ही देवीसुद्धा एखाद्या विधीपुरती घडवून, तो पार पडल्यावर घरातच निगुतीने ठेवून दिली असावी. देऊळ नाही, पुजारी नाही. जिथे चूल होती आणि जिथे माणसे निजत होती, तिथेच देवी होती.

त्याच गावात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत मूल निजवायचे. दगावलेले मूल गावाबाहेर नेले जात नव्हते, ते घरातच राहत होते. ही रीत कोणी घातली आणि ती पाळताना कोण काय म्हणत होते, हे माती सांगत नाही. पण ज्या जमिनीखाली आपले मूल आहे तीच जमीन रोज सारवणारी बाई आपण डोळ्यांपुढे आणू शकतो. जन्म, रोग, मरण यांच्याशी रोजची गाठ असणारा हा घरातला धर्म, आणि स्त्रियांच्या धर्मजीवनाचा सर्वात जुना थर हाच आहे.

हा थर पुढे पुसला गेला नाही. तेर, नेवासा, भोकरदन या सातवाहनकालीन नगरांच्या अवशेषांत, गुडघे दुमडून प्रसूतीच्या पवित्र्यात बसलेल्या, शिराच्या जागी काही नसलेल्या किंवा कमळ असलेल्या लहान देवीमूर्ती मिळतात. आपण त्यांना लज्जागौरी म्हणतो. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली याच नावाचा ग्रंथ लिहून या देवीचे धागे गावोगावच्या दैवतांपर्यंत नेले. बोटाएवढ्या, हातात मावणाऱ्या या मूर्ती मोठ्या देवळात बसवण्यासाठी नव्हत्या. त्या घरात ठेवण्याच्या, जवळ बाळगण्याच्या होत्या. या देवीचे भक्त कोण होते याचा एक लेखी पुरावा आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला मिळतो. तिथल्या अशाच एका मूर्तीवर इक्ष्वाकू राजा एहुवुल चांतमूल याच्या राणीचे, महादेवी खंडुवुलेचे नाव आहे, आणि तिने स्वतःची ओळख सौभाग्यवती आणि जिचा पुत्र हयात आहे अशी करून दिली आहे. राजवाड्यातली राणी आणि तेरच्या गल्लीतली बाई एकाच देवीपाशी एकच मागणे मागत होत्या : घरधनी राहो, लेकरू जगो.

अशा विधींची पहिली लेखी साक्ष देतो तो सम्राट अशोक, आणि तीही तक्रारीच्या सुरात. आपल्या नवव्या शिलालेखात तो सांगतो की आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मताना, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेची मंगले करतात, आणि त्यातही बायका तर पुष्कळ, क्षुल्लक आणि निरुपयोगी विधी करतात. राजाला ते निरुपयोगी वाटले. त्याऐवजी दासांशी नीट वागावे, वडीलधाऱ्यांना मान द्यावा, जीवांना जपावे, हेच खरे मंगल असे त्याने सांगितले. त्याचा उपदेश थोर आहे, यात वाद नाही. पण त्याच्या तक्रारीतून आपल्याला जे कळते ते दुसरीकडे कुठे मिळाले नसते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात स्त्रियांचे एक मोठे, स्वतंत्र विधिविश्व होते, ते साऱ्या देशात पसरलेले होते, आणि सम्राटाला त्याची दखल दगडावर घ्यावी लागेल इतके ते प्रबळ होते. या नवव्या लेखाचा एक तुकडा १९५६ साली आपल्याच सोपाऱ्याच्या परिसरात सापडला, म्हणजे ही तक्रार महाराष्ट्रातल्या बायकांच्याही कानावर घातली गेली होती. त्यांनी आपली मंगले सोडली नाहीत, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

शास्त्रकारांपैकी काहींनी या विश्वाकडे आदराने पाहिले, हेही नोंदवले पाहिजे. आपस्तंबाचे धर्मसूत्र संपताना एक मत असे नमूद करते की ग्रंथात सांगून न झालेला उरलेला धर्म स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून शिकावा. विवाहाचे विधी सांगतानाही या परंपरेने रीतिभाती स्त्रियांना विचारून घ्याव्यात असे म्हटले आहे. आजही लग्नघरात भटजी थांबून घरातल्या मोठ्या बाईला विचारतात, "तुमच्याकडे कसं करतात?" ज्ञानाचा एक मोठा ठेवा बायकांकडे आहे, ही कबुली शास्त्राने स्वतःच दिलेली आहे.

आता नाणेघाटात जाऊ. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. प्रारंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे यज्ञांची यादी येते : अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, आप्तोर्याम, गवामयन. प्रत्येक यज्ञाबरोबर दक्षिणेचा हिशेब आहे, हजारोंच्या संख्येने गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे, आणि तेही आकड्यांत. हे यज्ञ तिने स्वतः केले की पती सातकर्णीच्या बरोबरीने सहधर्मचारिणी म्हणून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण लेखात तिचे स्वतःचे जे वर्णन येते त्यावर मतभेद होण्याचे कारण नाही. ती महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रत आणि यज्ञ यांत निष्णात अशी आहे.

स्त्रीला वेगळा यज्ञ, वेगळे व्रत, वेगळा उपवास नाही, असे सांगणारी मनुस्मृती इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत आकाराला आली. नागनिकेचा लेख त्याच काळाच्या आसपासचा. या लेखात एका राणीच्या वर्णनात ज्या तीन गोष्टी अभिमानाने कोरल्या आहेत, त्या नेमक्या त्याच आहेत. यज्ञाच्या अधिकाराचा वाद मीमांसकांतही झालाच होता. जैमिनीच्या सूत्रांत स्त्रीला अधिकार नाही हा पक्ष मांडून तो खोडला आहे. फळाची इच्छा तिलाही आहे आणि धन तिच्याही मालकीचे असते, म्हणून पतीसह तिचाही अधिकार आहे, असा तिथला निर्णय आहे. एखादे वचन पुढे करून साऱ्या काळाचा निवाडा करण्याआधी हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवावेत.

नागनिकेच्या त्या उपवासांचे आम्हा सांगलीकरांना नवल वाटू नये. इथल्या जैन घरांत पर्युषणातल्या उपासांना केवढे मोल असते आणि पारण्याच्या दिवशी सारे घर त्या बाईभोवती कसे गोळा होते, ते आपण पाहत असतो. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहून कामावर जाणाऱ्या बायका आपल्या शेजारच्याच असतात. उपवास ही स्त्रीच्या हातातली अशी साधना आहे जिच्यासाठी तिला कोणाकडून धन, मंत्र किंवा परवानगी घ्यावी लागत नाही. म्हणूनच ती राणीलाही साधली आणि मजुरणीलाही. मात्र आजचे अमुक व्रत म्हणजे सातवाहन काळातले तमुक व्रत, असा सरळ धागा ओढण्याचा मोह आवरला पाहिजे. गरज तीच राहते, पण विधी बदलत जातात. सांगलीच्या बाजारातली हळद आज घरोघरच्या पूजेत आहे म्हणून ती नागनिकेच्या पूजेतही अशीच होती, असे म्हणायला आधार लागतो.

या पुस्तकाचा गाभा मात्र लेण्यांतल्या दानलेखांत आहे. पितळखोऱ्याच्या एका लेखात राजवैद्य मगिल याची मुलगी दत्ता हिचे दान आहे. भाज्याला बाधा नावाच्या, नांगऱ्याच्या बायकोचे दान आहे. तळेगावजवळ शेलारवाडीला धेनुकाकटच्या उसभणक नावाच्या शेतकरी कुटुंबप्रमुखाची कुडुंबिनी, म्हणजे गृहिणी, सिअगुतनिका हिने आपल्या मुलासह लेणे दिले. बेडशाला महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका हिने पाण्याची पोढी खोदवली. पावसाळ्यात भरून उन्हाळाभर पुरणारे ते टाके हेच तिचे दान. कुड्याला अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची पत्नी, भयिला ब्राह्मणी, हिने अख्खे चैत्यगृह दिले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर भटपालिका हिने चैत्यगृहाचे काम पुरे करवले, आणि क्षत्रप नहपानाची मुलगी, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने एक खोली दिली.

ही नुसती यादी म्हणून वाचू नका. चैत्यगृह देणे म्हणजे कातळ फोडणारे, कोरणारे, घासणारे कारागीर वर्षानुवर्षे पोसणे. एवढे धन कुठून आले आणि ते खर्च करण्याचा अधिकार कोणाचा होता, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. लेखांत पतीने दिले असे न म्हणता बाईचे नाव घालून तिचा देयधर्म, म्हणजे तिचे दान, असे लिहिले आहे. तिची ओळख पित्यावरून, पतीवरून, पुत्रावरून सांगितली जाते हे खरे. भटपालिकेच्या लेखात तर ती कोणाची नात, कोणाची मुलगी, कोणाची पत्नी आणि कोणाची आई, हे चारही सांगितले आहे. पण वाक्याचा कर्ता ती आहे आणि पुण्य तिचे आहे. असे नाव नोंदले जावे याची काळजी अशोकाच्या राणीनेही वाहिली होती. तीवराची आई कारुवाकी हिने दिलेली आमराई, बाग, दानगृह हे सारे तिच्याच नावे नोंदवावे, अशी आज्ञा आज प्रयागराजला असलेल्या स्तंभावर कोरलेली आहे.

या दानांमागे किती विचार होता, हे नाशिकचा एक लेख दाखवतो. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मीवर राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अक्षयनिधी ठेवला. रक्कम तिने एकाच ठिकाणी ठेवली नाही. नाशिकजवळच्या गोवर्धनमधल्या वेगवेगळ्या श्रेणींकडे ती विभागून दिली : एका श्रेणीकडे १००० कार्षापणे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या श्रेणीकडे २०००, आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडेही. मूळ रकमेला हात लावायचा नाही आणि व्याजातून औषध घ्यायचे. एक धंदा बुडाला तरी दुसरा चालेल आणि आजाऱ्याचे औषध थांबणार नाही. आज बचत गटाचा हिशेब राखणारी कोणतीही बाई विष्णुदत्तेचे हे शहाणपण ताबडतोब ओळखेल. आणि तिचे नाव पाहा. जन्माने शक, नाव विष्णूचे, श्रद्धा बुद्धाच्या संघावर.

दात्यांबरोबरच या लेण्यांत भिक्षुणी आहेत, आणि त्यांनी आपल्या एका ठाम समजुतीला धक्का दिला आहे. संन्यास म्हणजे नाती तोडणे, असे आपण धरून चालतो. कार्ल्याच्या चैत्यात एक वेदिका देणारी भिक्षुणी कोडी स्वतःला घुणिकाची आई म्हणवते. कुड्याला पदुमनिका नावाची प्रव्रजिता सांगते की ती नागनिका नावाच्या प्रव्रजितेची मुलगी आहे, दोन स्थविरांची नातलग आहे, आणि बोधी व असाढमिता या शिष्यांसह ती हे दान देत आहे. आई भिक्षुणी, मुलगी भिक्षुणी, मामाच्या पिढीत स्थविर, आणि पुढे शिष्यांची रांग. इथे रक्ताचे नाते आणि गुरुशिष्येचे नाते एकाच ओळीत बसते. घर सोडताना या स्त्रियांनी आईपण सोडले नव्हते, आणि ते लपवण्याचे कारणही त्यांना वाटले नाही.

या भिक्षुणी कुठे राहत होत्या? जुन्नरच्या एका लेखात नगरातल्या धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या निवासाचा उल्लेख आहे. भिक्षू डोंगरात, भिक्षुणी गावात. एकट्यादुकट्या स्त्रीने रानात राहू नये हा नियमांचा कटाक्ष त्यामागे होता. पण त्यामुळे एक गोष्ट घडली असली पाहिजे : त्या बाजारपेठेच्या जवळ, बायकांच्या जवळ राहिल्या. विचारायला जाता येईल अशी जाणती बाई नगरातच होती.

भिक्षुणीसंघात समानता होती असे मात्र म्हणता येणार नाही. शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला उठून वंदन करावे, हा नियम बौद्ध विनयानेच घातला आहे. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा विनवावे लागले, हे बौद्ध ग्रंथच सांगतात. तरी याच परंपरेने थेरीगाथा जपली. ७३ थेरींच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणींच्या, नावे असलेला, मुक्तीचा अनुभव स्त्रियांच्या तोंडून सांगणारा असा संग्रह जगाच्या धर्मसाहित्यात विरळा आहे. बंधन आणि मोकळीक ही दोन्ही एकाच संघात होती, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

आता राजमातांकडे वळू. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी नाशिकचे भव्य लेणे भद्रयानीय भिक्षूंना दिले. त्या लेखात ती आपल्या मुलाचे वर्णन अद्वितीय ब्राह्मण असे करवते, आणि स्वतःचे सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, तप, दम, नियम, उपवास यांत तत्पर अशी स्त्री म्हणून. ब्राह्मणधर्माचा कैवारी मुलगा आणि बौद्ध संघाला लेणे देणारी आई, यांत तिला विसंगती दिसत नाही. तिच्या हयातीत मुलाची एक राजाज्ञाही आई आणि मुलगा दोघांच्या नावाने निघाली होती, जमिनीच्या दानाची. ती याच लेण्यात कोरलेली आहे. असेच नागार्जुनकोंड्याला घडले. इक्ष्वाकू राजे वैदिक यज्ञ करत होते, आणि राजाची बहीण चांतिसिरी महाचैत्याला दान देत होती. यावरून पुष्कळदा असे म्हटले जाते की राजघराण्याने धोरण म्हणून कामे वाटून घेतली होती. धोरण असेलही. पण कुड्याची भयिला ब्राह्मणी राजघराण्यातली नव्हती, आणि नाशिकची विष्णुदत्ताही नव्हती. पंथांची कुंपणे ओलांडणे हा या स्त्रियांचा रोजचा धर्म होता, असे मला वाटते. आज मिरजेच्या दर्ग्यात नवस बोलून कोल्हापूरच्या अंबाबाईची ओटी भरणाऱ्या बाईला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

विदर्भात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिची भक्ती वेगळ्या वाटेची होती. चंद्रगुप्त दुसरा याची ही मुलगी, वैधव्यानंतर लहान मुलांच्या वतीने राज्य चालवणारी. पुण्याला मिळालेल्या तिच्या ताम्रपटात कार्तिक शुद्ध द्वादशीला भगवंताच्या चरणी निवेदन करून गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या पायांपासून दिलेला आहे. ताम्रपटात तिने माहेरच्या गुप्तांची वंशावळ दिली आहे आणि गोत्रही माहेरचेच सांगितले आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र या नावांतही मातेचे गोत्र असेच टिकून आहे. लग्नाने बाईचे मागचे सगळे पुसले जाते, ही समजूत सर्वत्र आणि सर्वकाळ खरी नव्हती. रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातल्या लेखावरून कळते की प्रभावतीच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ देवाची स्थापना केली. आईच्या नावाने देव, आणि तो बसवणारी मुलगी.

मोजक्या मानाच्या स्त्रिया आणि सामान्य स्त्रिया असे दोन थर जगात इतरत्रही दिसतात. मेसोपोटेमियात ऊर नगरीच्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण एनहेदुआन्ना ही सम्राट सार्गोनची मुलगी होती, आणि ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत अशा कवींत ती सर्वात जुनी मानली जाते. रोममध्ये वेस्टाचा अग्नी राखणाऱ्या कुमारिका तीस वर्षे व्रतस्थ राहत : दहा वर्षे शिकायचे, दहा वर्षे करायचे, दहा वर्षे शिकवायचे. ही थोड्यांची, राज्याने दिलेली पदे. पण अथेन्समध्ये थेस्मोफोरिया या उत्सवात विवाहित स्त्रिया तीन दिवस घर सोडून एकत्र राहत आणि देमेतर देवीचे विधी करत, तिथे पुरुषांना प्रवेश नव्हता. पेरणीच्या तोंडावर होणाऱ्या या विधीवर साऱ्या नगराचे पीक अवलंबून आहे अशी श्रद्धा होती. सार्वजनिक सभेत ज्यांना आवाज नव्हता त्या स्त्रियांच्या हाती नगराने आपले धान्य सोपवले होते. आपल्याकडचे चित्र याहून एका बाबतीत वेगळे आहे. पुजारिणीचे पद नसलेल्या, राजघराण्याबाहेरच्या नांगऱ्याच्या बायकोचे नावही आपल्या कातळावर उतरले आहे.

तरी या नावांपाशी थांबून चालणार नाही. लेख कोरवायला धन लागते, आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्या दासी, मोलकरणी, भटक्या जमातींच्या बायका या भिंतींवर आल्या नाहीत. लेणी कोरणाऱ्या कारागिरांच्या घरच्या बायकांनी कोणाला नवस केले, हे कुठे लिहिलेले नाही. त्यांच्यासाठी इनामगावची डबी, तेरच्या छोट्या मूर्ती आणि गावाच्या शिवेवरचे शेंदूर लावलेले दगड वाचावे लागतात. दामोदर कोसंबी यांनी पायी हिंडून दाखवून दिले की जुन्या व्यापारी वाटांवर, लेण्यांच्या आसपास, मातृदेवतांची ठाणी आजही पुजली जातात. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी एकवीरा बसलेली आहे आणि कोळी समाज तिच्या यात्रेला लोटतो, ही त्याचीच खूण. या पुस्तकात म्हणूनच दानलेख आणि लोकदैवते यांना समान मान दिला आहे.

या वाटेवर अनेकांचे ऋण आहे. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली लेण्यांतले लेख एकत्र छापले, वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख मराठीत आणले, आणि शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या डोंगरावर वर्षानुवर्षे काम करून तिथले लेख वाचले. लेण्यांतल्या भिक्षुणींची नावे एका मराठी विदुषीने वाचावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वाचकांकडे, आणि विशेषतः आमच्या भागातल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींकडे, एक मागणे आहे. आगाशिव जवळ आहे. कार्ले, भाजे, शेलारवाडी एका दिवसात पाहून होतात. लेण्याला जाताना ब्राह्मी लिपी थोडी शिकून जा, ती काही आठवड्यांत येते. भिंतीवरची अक्षरे लावून स्वतः वाचा. ज्या लेखांत बाईचे नाव येईल तो वहीत उतरवा, आणि तिने काय दिले, कोणाबरोबर दिले, स्वतःची ओळख कशी सांगितली, एवढे तीन प्रश्न त्याला विचारा. मग घरी येऊन आजीला विचारा की तिची कोणती व्रते तिला तिच्या आजीकडून आली, कोणती तिने स्वतः धरली आणि कोणती सोडली, आणि तेही त्याच वहीत लिहा. स्त्रियांच्या धर्माचा इतिहास लिहिण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि त्याची अर्धी साधने कातळावर आहेत तर अर्धी आपल्या घरांत. कातळावरची अक्षरे झिजत आहेत आणि घरातली माणसे म्हातारी होत आहेत, म्हणून हे काम आत्ताच हाती घ्यायला हवे.

कुपवाड